कोऱ्या रकान्यापुढची सही

“काढून दाखव,” सर म्हणाले आणि खडू माझ्यापुढं धरला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी. अमरावतीला, रसायनशास्त्र. अकोल्याच्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायकाच्या दोन वर्षांच्या जागा निघाल्या होत्या. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, भर वर्गात एकेकाला उभं करून सीजीपीए विचारत होते. साडेसात किंवा वर असेल त्याचं नाव यादीत. कमी असेल त्यानं बसायचं. माझी पाळी आली. मी म्हणाले, “सात पॉइंट सहा, सर.”

त्यांच्या हातात निकालाचा कागद होता. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं आणि मला फळ्याकडं बोलावलं.

मी लिहिलं. पहिलं सेमिस्टर ८.४०. दुसरं ७.९०. तिसरं ६.५०. बेरीज २२.८०. भागिले तीन. उत्तर ७.६०. खडू खाली ठेवला. पाचवीच्या पोराला येईल असं गणित. त्यात काय चुकणार?

“क्रेडिट कुठं गेले?” सरांनी विचारलं.

मी फळ्यावरचे आकडे पुन्हा पाहिले.

“पहिली दोन सेमिस्टर वीस-वीस क्रेडिटची. तिसरं अठ्ठावीसचं. तू तिघांना एकाच मापानं मोजलंस. अशी सरासरी काढतात एम.एस्सी.ला?”

त्यांनी स्वतः मांडलं. ८.४० गुणिले वीस, १६८. ७.९० गुणिले वीस, १५८. ६.५० गुणिले अठ्ठावीस, १८२. एकूण ५०८. भागिले अडुसष्ट क्रेडिट. ७.४७.

मग वर्गाकडं तोंड करून म्हणाले, “प्रवेश सवलतीत मिळतो. सरासरीला सवलत नसते.”

वर्ग हसला. सगळा नाही. पण पुढचे तीन बाक तर खो-खो हसले. मी जाग्यावर जायला निघाले तर म्हणाले, “फळा कोण पुसणार?” डस्टर त्यांच्या टेबलावर होतं, त्यांच्या कोपराजवळ. त्यांनी ते दिलं नाही. मी मागितलं नाही. तळहातानं पुसला. माझे आकडे पुसले, त्यांचे पुसले. पांढरा हात घेऊन बसले आणि तास संपेपर्यंत तो हात बाकाखाली धरून ठेवला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगते. सर बरोबर होते. माझं गणित खरंच चुकलेलं होतं. ते खोटं बोलले असते तर मी मनातल्या मनात शिव्या घालून मोकळी झाले असते. पण चूक माझीच होती आणि त्या चुकीवर त्यांनी माझी जात टांगली होती. संध्याकाळपर्यंत मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मेसमध्ये जेवायला गेले नाही.

आता ही चूक आली कुठून, तेही सांगते. आमच्या सरकारी वसतिगृहात माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं, कोण्या जुन्या पोरीनं पेनानं लिहून ठेवलं होतं: सगळ्या सेमिस्टरची बेरीज, भागिले किती सेमिस्टर. बस. तेच सूत्र. ती पोरगी कोण, कोणत्या साली राहून गेली, कोणालाच ठाऊक नाही. पण तिच्यानंतर आलेल्या प्रत्येकीनं तसाच हिशेब केला. दुसऱ्या खोल्यांतल्या पोरीही येऊन तेच उतरवून नेत. आमच्यापैकी कोणाच्या घरी विचारायला माणूस नव्हता. शहरातल्या पोरांचे काका प्राध्यापक, बहिणी इंजिनिअर. त्यांना क्रेडिट म्हणजे काय ते अकरावीतच कळलेलं. आम्ही गुणपत्रिकेवरचा तो रकाना नुसता पाहायचो. छापलाय म्हणजे असेल काहीतरी कामाचं.

माझी माय शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या पॅकिंगवर जाते. बारका माल एकीकडं, मोठा दुसरीकडं, डागी तिसरीकडं. तिला ग्रेड हा शब्द माझ्या आधीपासून माहीत. बाप मी नववीत असताना गेला. घर नाल्याच्या पलीकडं. आमच्या भागात नवा माणूस आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. गाव सांगितलं की घर गावात कोणत्या बाजूला, हे विचारतो. तेवढ्यात त्याला हवं ते कळतं. सरांनी पहिल्याच दिवशी मला तिन्ही प्रश्न विचारले होते. तिसऱ्याचं उत्तर ऐकून “बरं, बरं” म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात रुखसार माझ्याशेजारी येऊन बसली. ती अकोल्याची. तिचे अब्बा शिवणकाम करतात. आमच्याच वर्गात, आमच्याच वसतिगृहात. काल सरांनी तिलाही बसवलं होतं, पण तिनं आकडाच सांगितला नव्हता. “मालूम नाही सर,” म्हणून मोकळी झाली होती.

“रडून झालं असन त मार्कशीट काढ,” ती म्हणाली. “पुरं काढू. पेपर पेपर.”

आम्ही तिसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका पसरली आणि पहिल्यांदा तो क्रेडिटचा रकाना नीट वाचला. अवघड काहीच नाही. प्रत्येक विषयाला एक ग्रेड मिळते आणि त्या ग्रेडला एक आकडा असतो. ‘ओ’ला दहा, ‘ए प्लस’ला नऊ, ‘ए’ला आठ, असं खाली येत नुसत्या पासला चार. तो आकडा गुणिले त्या विषयाचे क्रेडिट. सगळ्या विषयांचे गुणाकार मिळवायचे आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. ते झालं त्या सेमिस्टरचं. सगळ्या सेमिस्टरचं काढायचं तर सगळ्यांचे गुणाकार एकत्र आणि सगळे क्रेडिट एकत्र. म्हणजे ज्या विषयाला क्रेडिट जास्त, त्याचं वजन जास्त. दहा मिनिटांत कळलं. ज्या गोष्टीवरून मला भर वर्गात उघडं पाडलं, ती शिकवायला कोणालाही दहा मिनिटं लागली असती. दोन वर्षांत कोणी दिली नव्हती.

मग मी माझे आकडे मांडले. लेखी पेपर चार, प्रत्येकी चार क्रेडिट. ग्रेडचे आकडे आठ, आठ, सात, आठ. हे पेपर बाहेर तपासतात. तपासणाऱ्याला नाव दिसत नाही.

प्रात्यक्षिकं दोन, तीही चार-चार क्रेडिटची. पाच आणि पाच. सेमिनार दोन क्रेडिट. पाच. अंतर्गत तोंडी परीक्षा दोन क्रेडिट. चार. हे सगळं विभागात होतं. तिथं नाव दिसतं, तोंड दिसतं.

रुखसारनं स्वतःची गुणपत्रिका शेजारी ठेवली. लेखीत सात, आठ, सात, आठ. विभागातलं: पाच, पाच, पाच, पाच.

“अवं, हे त सेम हाय,” ती म्हणाली.

आम्ही वसतिगृहातून आमच्या वर्गाच्या आणखी सात पोरींच्या गुणपत्रिका गोळा केल्या. नऊ पोरी. नऊही जणींना सेमिनारला पाच किंवा चार. लेखीत एकीला नऊ होते, तिलाही सेमिनारला पाच. मग रुखसारनं पुढच्या बाकावरच्या एका मुलीला गोड बोलून तिची गुणपत्रिका मागितली. लेखीत सहा, सात, सहा, सहा. सेमिनारला नऊ. तिचा सेमिनार मी ऐकला होता. तिनं मोबाइलमध्ये पाहून वाचला होता सगळा.

माझा सेमिनार मला आठवत होता. दहा मिनिटांचा होता. तिसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडून “मंग” निघालं. सर म्हणाले, “मंग नाही. मग. हा काही बाजार नाही.” त्यानंतर मी प्रत्येक वाक्याआधी थांबत गेले आणि सहाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ पाहून मला बसवलं. प्रश्न एकही विचारला नाही. मला तेव्हा वाटलं होतं, माझंच बोलणं वाईट.

आणि आता आकडा. अडुसष्ट क्रेडिटला साडेसात हवे म्हणजे ५१० हवेत. माझे ५०८. दोन कमी. सेमिनार दोन क्रेडिटचा. तिथं पाचऐवजी सहा असते तर झाले असते ५१०. एक ग्रेड. नऊ नको, आठ नको. फक्त सहा. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तेच आलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी मागं पडले नव्हते, मला मोजूनमापून तिथं ठेवलं होतं. माझं डोकं इतकं तापलं की रुखसारनं मला धरून बाहेरच्या नळावर नेलं.

सरांकडं मी एकटीच गेले. आवाज चढवला नाही. नऊ जणींच्या गुणांचा आम्ही मांडलेला तक्ता पुढं ठेवला. त्यांनी त्याला हातही लावला नाही. कपाटातून एक फाईल काढली, एक पान उघडलं आणि माझ्याकडं फिरवलं. अंतर्गत गुणांचा तक्ता. रोल नंबर, नाव, गुण, सही.

“ही सही कोणाची?”

माझीच होती.

आता हेही सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटणार नाही. आमच्या विभागात सही आधी व्हायची आणि गुण नंतर भरले जायचे. सेमिस्टर संपताना शिपाई तक्ता घेऊन वर्गात यायचा. गुणांचा रकाना कोरा. रोल नंबरानं एकेकानं जायचं, सही करायची. “नंतर गर्दी होते, परीक्षेचं काम असतं,” असं कारण. तीन सेमिस्टर मी अशी सही केली. एकदा तर त्या शिपायाला माझंच पेन दिलं होतं वापरायला. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. कोऱ्या रकान्यापुढं मी माझं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं.

“गुण पाहून, मान्य करून सही केलीस,” सर म्हणाले. “आता काय?”

“सर, तेव्हा कोरं होतं.”

“सिद्ध कर.”

मी अर्ज केला. आमच्या तक्त्यासकट. बाकीच्या आठ जणींपैकी चौघींनी त्यावर सह्या केल्या, चार जणी म्हणाल्या, आमचं प्रोजेक्ट बाकी आहे. कार्यालयातल्या बाबूनं पोच दिली आणि वर म्हणाला, “कायले नादी लागतं वं पोरी? चार महिने राह्यले. गुमान काढ.” सोळा दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. विद्यार्थिनीने गुण अवलोकन करून स्वाक्षरी केलेली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

अकोल्याला मी तरीही गेले. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली, रुखसार बरोबर होती. वाटलं, समोरासमोर समजावून सांगू. दोन गुणांचाच तर प्रश्न आहे. संस्थेच्या खिडकीवर एक बाई होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं, गुणपत्रिका पाहिली, आणि संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. त्यांनी चौकटीत ७.४७ टाकलं. चौकट लाल झाली.

“फॉर्मच पुढं सरकत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “मी काय करू?”

त्या खरंच काही करू शकत नव्हत्या. दुपारी रुखसारच्या घरी जेवलो. तिच्या अम्मीनं मला दोनदा वाढलं आणि काही विचारलं नाही. अब्बा मशीनवरून न उठता म्हणाले, “बेटा, डिग्री हाथ में आने दो पहले.” रुखसार खाली मान घालून जेवत होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं की आता वाद नको, आधी डिग्री, असं तिचं ठरलंय.

एप्रिलमध्ये चौथ्या सेमिस्टरचा तक्ता आला. या वेळी त्यात प्रोजेक्ट होतं, आठ क्रेडिटचं. शिपायाबरोबर सर स्वतः आले. बहुतेक माझ्यासाठीच. पंखा चालू होता, कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर डस्टर ठेवलं.

एकेक जण जात होता, सही करत होता. रुखसारचा रोल नंबर माझ्या आधी. ती उठली. माझ्याकडं पाहिलं नाही. जाऊन सही केली आणि खिडकीजवळच्या दुसऱ्याच बाकावर जाऊन बसली. मग मी गेले. रकाना कोरा होता. वरपासून खालपर्यंत, चाळीस नावांपुढं, एकही आकडा नाही.

मी पेन उचललं नाही.

“सर, गुण भरा. मग मी सही करतो.”

आमच्याकडं बाया अशाच बोलतात, करतो, जातो. दोन वर्षं मी विभागात जीभ सांभाळून ‘करते’ म्हणत होते. त्या दिवशी ते ध्यानातच राहिलं नाही.

“सगळ्यांनी केली.”

“सगळ्यायनं केली. मी नाही करत.”

“सही नाही म्हणजे तू हजर नव्हतीस. कळतंय ना?”

“मी हजर हाय, सर. तुमच्यासमोर उभी हाय.”

सर हसले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी शिपायाला नुसती खूण केली आणि त्यानं तक्ता पुढच्याकडं सरकवला. पुढच्यानं सही केली. वाटलं होतं, एखादी तरी उठेल. निदान अर्जावर सही केलेल्या चौघींपैकी एखादी. कोणी उठलं नाही. मी जाग्यावर येऊन बसले आणि तास सुरू झाला.

निकाल लागला. प्रोजेक्टपुढं ‘गैरहजर’. तोंडीपुढं ‘गैरहजर’. दोन महिने मी त्या प्रयोगशाळेत मोरीजवळच्या शेवटच्या टेबलावर उभी राहून काम केलं, हाताला आम्लाचा डाग आहे अजून. कागदावर मी तिथं नव्हतेच. चौथं सेमिस्टर नापास, म्हणजे सीजीपीए निघतच नाही. त्या चौकटीत टाकायला आता ७.४७ सुद्धा नाही.

रुखसारनं सही केली, तिला प्रोजेक्टला पाच मिळाले. ती पास झाली. एकदा फोन आला तिचा. म्हणाली, “माह्यावर घरी चार जनं अवलंबून हायेत वं.” मी म्हणाले, ठाऊक आहे. खरंच ठाऊक होतं. तरी मला तिचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तिचा नंबर समोर दिसला की आजही मी फोन लगेच उचलत नाही.

मायला वाटलं होतं मी साहेबीण होऊन येईन. मी पेटी घेऊन आले. तिला सगळं सांगितलं. क्रेडिट सांगितले, गुणाकार सांगितले, कोरा रकाना सांगितला. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, ही तरी म्हणेल, बरं केलं. ती म्हणाली, “एक सई होती फक्त. तेवढी करून टाकाची असती. मी अंगठा देतो तं कोन्या कागदावर का लिवलं हाय, मले दिसते का? तरी देतो. पोट हाय ना.”

तिच्या बोटांची कातडी संत्र्याच्या रसानं सोलवटलेली. ती चुकीची नव्हती. दुसऱ्या सोमवारपासून मी तिच्याबरोबर पॅकिंगला जायला लागले. मुकादम मला ‘मॅडम’ म्हणतो आणि बाकीच्या बाया हसतात. मनात वाईट नसतं त्यांच्या, पण लागतं.

वसतिगृह सोडायच्या दिवशी मी कपाटातलं ते जुनं सूत्र खोडलं आणि खाली बरोबर सूत्र आणि माझा फोन नंबर लिहिला. माझ्या खोलीत आलेल्या नव्या पोरीचा परवा फोन आला. तिनं पहिल्या सेमिस्टरचा हिशेब केला. गणित बरोबर होतं, मी दोनदा तपासलं. सेमिनारला पाच. तिला मी विचारलं, सही कधी केलीस? ती म्हणाली, “ताई, ते त पह्यलेच घेतात ना.” नुसतं गणित शिकवून काही झालं नव्हतं. तिला आता तिचं नुकसान दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढता येत होतं, एवढंच.

म्हणून मी तिला बाकीचंही सांगितलं. माझं काय झालं ते सगळं, काही न लपवता. निकाल, अकोला, पॅकिंग, सगळं. तुझ्याबरोबर कोणी उठणार नाही हेही सांगितलं. ती पुढच्या वेळीही सही करेल. मला माहीत आहे. मी तिच्या जागी, पहिल्या वर्षाला असते तर केलीच असती.

मला आशा नाही. कोणी चौकशी करेल, सर बदलतील, अकोल्याची जागा पुन्हा निघेल, असलं काही मला वाटत नाही. नापास विषयांचा अर्ज मी भरला आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा प्रोजेक्ट, पुन्हा तोंडी, तेच सर, तोच विभाग. घरात, गावात, वसतिगृहात, सगळे एकच सांगतात, या वेळी कर आणि सुट. नियमानं मला अजून तीन वेळा बसता येतं. त्यानंतर माझं नाव कायमचं कमी होईल. तीनही वेळा ते माझ्यापुढं कोरा रकाना ठेवतील आणि तीनही वेळा मी तिथं सही न करता उभी राहीन. गैरहजर लिहायचं असेल तर त्यांनी लिहावं. ते त्यांच्या हातानं, त्यांच्या अक्षरात लिहावं लागेल. त्यावर माझी सही नसेल.